भुरा जेवत नाही

गावाला जाताना माझ्या अंगणात कुत्रा सोडायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आधीच सांगते. चोरासारखं पळून जायचं नाही. लोक काय करतात, कुत्र्याला बिस्किटात गुंतवतात आणि तो तिकडे तोंड करून खात असला की हळूच फाटकाबाहेर सटकतात. का, तर म्हणे त्याचे डोळे पाहवत नाहीत. अहो, तुमचं काय, गाडी मोठ्या रस्त्याला लागली की तुम्ही गाणी लावता. इथं तो दोन दिवस बिस्किटाच्या जागेवर जाऊन तुम्हाला शोधत बसतो, ते मला पाहावं लागतं. म्हणून माझा नियम आहे. त्याच्याजवळ बसायचं, हातानं एक घास द्यायचा आणि घरातल्या माणसाला सांगतो तसं सांगायचं, "येतो." जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. भंडाऱ्याचे एक साहेब यावर हसले. म्हणाले, "त्याला मराठी समजतं का हो?" मी म्हटलं, "त्याचं राहू द्या. तुम्हाला समजतं ना?"

मी कोंढ्याची, पवनी तालुक्यातली. आम्ही ढिवर. पुरुषांनी तलावात जाळं टाकायचं आणि बायांनी टोपलं डोक्यावर घेऊन मासोळी विकायची, असंच आमच्यात चालत आलं. मी सातवी शिकली, तेवढ्यावर लग्न झालं. आता या दिवाळी अंकासाठी आमच्या गावच्या गुरुजींनी मला लिहायला बसवलं, तेव्हा ठरलं असं की लिहायचं मी आणि भाषा नीट करायची त्यांनी. पण फार नीट केलीत तर अंक घरात घेणार नाही, असं मी त्यांना बजावून ठेवलं आहे.

या धंद्यात मी ठरवून आली नाही. मासोळीच्या टोपल्यामागे कुत्रे लागतात, त्यात माझं काही कौतुक नाही. पवनीत एक मास्तरीणबाई राहत. त्यांची ब्राउनी मी गल्लीत शिरली की घरातून ओरडून मला बोलवायची. एका उन्हाळ्यात बाईंना सगळ्या घरासकट तिरुपतीला जायचं होतं आणि ब्राउनीला ठेवायला कोणी नव्हतं. आदल्या वर्षी बहिणीकडे ठेवली होती, तर बहिणीनं तिला गॅलरीत बांधून ठेवलं आणि ब्राउनीनं आपल्याच पायाचे केस चावून काढले. बाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडे नेता का? तुमच्यावर जीव आहे तिचा." तिचा जीव माझ्या टोपल्यावर होता, पण मी तसं बोलली नाही. नेली. ती परत गेली तेव्हा जाड होऊन गेली, आणि बाईंनी शाळेत सगळ्यांना सांगितलं. तिथून जे सुरू झालं ते सुरूच आहे. दिवाळीच्या सुट्या आणि उन्हाळा आला की माझं अंगण भरलेलं असतं.

ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही त्यांना वाटतं, यात काय आहे, सकाळ-संध्याकाळ भात टाकायचा. तसं नाही. मी आधी सांगते की कुत्र्याला आंघोळ घालून आणू नका. साबणाच्या वासानं त्याच्या अंगावरचा घराचा वास जातो आणि तो जास्तच बावरतो. त्याचं भांडं आणा, अंथरूण आणा, घरच्या कोणाचा तरी न धुतलेला कपडा आणा. सुया टोचलेल्या आहेत का ते विचारते, नसतील तर फाटक उघडत नाही. पहिल्या दिवशी मी कोणाचेच लाड करत नाही. माझं काम करत राहते, मासोळी साफ करते, भात उतरवते, आणि तो लांबून पाहत राहतो. ही बाई आपल्या मागे लागत नाही हे एकदा त्याला कळलं की संध्याकाळी तोच पायाशी येऊन बसतो. आणि मोबाइलवर तोंड दाखवायचं नाही. नागपूरच्या एका ताईंनी हट्टानं व्हिडिओ कॉल लावला, "मम्मा इकडे आहे बाळा" म्हणाल्या, आणि त्यांच्या बाळानं मम्मा आत आहे समजून माझा मोबाइल उकरला. काच फुटली ती फुटली, रात्रभर तो मोबाइलजवळून हलला नाही.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. भंडाऱ्याचे एक किराणावाले शेठ आहेत, घर शुद्ध शाकाहारी, लसूणसुद्धा चालत नाही. त्यांचा लकी, पांढरा, केसाळ, बसला की दरवाज्यातलं पायपुसणं वाटावं. सोडताना शेठ म्हणाले, "मावशी, अंडंसुद्धा नको. दूध-पोळी." मी शब्द पाळला. पण अंगणात चटईवर सुकी मासोळी वाळत पडलेली, आणि लकीला मी शब्द द्यायला लावला नव्हता. तो घरी गेल्यावर दूध-पोळीकडे पाहीना. मला वाटलं आता शेठ भांडायला येतील. आले ते एकटेच, गाडी लांब लावून. म्हणाले, "थोडी सुकी मासोळी द्या, लकीसाठी. घरी सांगू नका." अजूनही येतात. लकी तेवढासा आहे आणि ते नेतात ते त्याच्या मानानं जास्त वाटतं, पण मी विचारत नाही.

आणि फोनवर मी खोटं सांगत नाही. तो खेळतो म्हणजे खेळतो, खात नाही म्हणजे खात नाही. ब्राउनी म्हातारी झाली तेव्हाही बाई दोन-तीनदा तिला माझ्याकडे ठेवून गेल्या. शेवटच्या वेळी ती एकदम बसूनच राहिली. बाई लेकीकडे होत्या, नातवाचं बारसं होतं. सगळे म्हणाले, आत्ताच सांगू नको, बिचाऱ्यांच्या कार्यात विघ्न. मी सांगितलं. बाई बारसं आटोपून तशाच निघाल्या, ब्राउनीचं डोकं त्यांच्या मांडीवर असताना ती गेली. त्या येतो म्हणून गेल्या होत्या आणि आल्या. मला आजही ब्राउनीची आठवण आली की काम सुचत नाही, पण तेवढ्या एका गोष्टीचं समाधान आहे.

आता आमच्या डोकऱ्याचं सांगावं लागेल, कारण पुढचं त्याच्याशिवाय सांगता येत नाही. डोकरा म्हणजे माझा नवरा. समोर मी अवो म्हणते, मागे डोकरा. सगळं आयुष्य तलावात गेलेला माणूस. कोणत्या वाऱ्याला मासोळी कोणत्या बाजूला सरकते हे त्याला घरात बसून कळायचं. गेल्या वर्षी पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, आत सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं जुळलं, आता चाला-फिरा, हळूहळू कामाला लागा. पाय जुळला, पण माणूस खाटेवरून उठला नाही. आंघोळीपुरता उठायचा, जेवणापुरता बसायचा, पुन्हा आडवा. जाळं ओसरीत खुंटीला टांगलं ते टांगलंच राहिलं. कोणी सोबती बोलवायला आला तर म्हणायचा, "पाह्यतो उद्या." आधी आमचं रोज भांडण व्हायचं, मिठावरून, बिडीवरून, कशावरूनही. तेही बंद झालं. घर एवढं शांत मला कधी आवडलं नाही.

अशात गेल्या दिवाळीत भुरा आला.

शालू आमच्या गावची लेक, चिखल्याला दिलेली. नवरा देवानंद मँगनीजच्या खाणीत, जमिनीच्या आत काम करतो. राहायला खाणीच्या वसाहतीत. त्यांना एकच मुलगी, मोनी. या मोनीला समुद्र पाहायचा होता, आणि खरं म्हणजे तिच्याहून जास्त शालूला. लग्न झाल्यापासून त्या पोरीनं माहेर आणि चिखला यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. देवानंदची रजा जमली आणि जगन्नाथपुरीला जायचं ठरलं. अडचण एकच, भुरा. गावठीच कुत्रा, वसाहतीतल्या नालीत सापडलेला, मातकट रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. शेजारी ठेवायला तयार होते पण भुरा त्यांना गुरगुरायचा. शालू म्हणाली, कोंढ्याची काकू आहे ना. एवढ्या लांबून जीप करून ते त्याला माझ्याकडे घेऊन आले.

मी माझा नियम सांगायला लागली तर देवानंद आधीच भुऱ्यासमोर उकिडवा बसला होता. त्यानं त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाला, "चांगला राहजो. येतो मी." मग माझ्याकडे पाहून जरा लाजला. "रोज ड्युटीवर जाताना त्याले असंच सांगतो, काकू. सवय आहे." मला फार बरं वाटलं. न शिकवता "येतो" म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक. त्या "येतो"मध्येच सगळी गडबड आहे हे मला तेव्हा कुठून कळणार.

संध्याकाळी भुरा फाटकाजवळ जाऊन बसला, रस्त्याकडे तोंड करून. भाताला तोंड लावलं नाही. पहिल्या दिवशी पुष्कळ कुत्रे जेवत नाहीत, मी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसा तो ठीक असायचा, बाकीच्या कुत्र्यांत फिरायचा, पाणी प्यायचा. ऊन उतरलं की फाटकाजवळ. रडणं नाही, भुंकणं नाही. समोर ठेवलेलं तसंच. मी दूध-भात दिला, अंडं फोडून दिलं. मरळीच्या डोक्याचं कालवण केलं. ज्या कालवणासाठी शेजारचे लोक वाटी घेऊन माझ्या दारात येतात, ते त्यानं हुंगलं आणि मान फिरवली.

"ठेवून दे ना," डोकरा खाटेवरून म्हणाला. "भूक लागली का खाईन."

"तुमाले तरी कोठी लागते भूक?" मी म्हटलं. तो भिंतीकडे वळला.

जनावराच्या डॉक्टरांना बोलावलं. चांगला माणूस, फोन केला की येतो. त्यांनी भुऱ्याचं पोट चाचपलं, तोंड उघडून पाहिलं, ताप पाहिला. म्हणाले, "आजार नाही, मावशी. मनानं उपाशी आहे. उद्या-परवा नाही जेवला तर सलाइन लावू, पण सलाइनवर किती दिवस ठेवणार?" त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा बरगड्या हाताला लागत होत्या, मलाही दिसत होतं.

शालूचा रोज फोन यायचा आणि मी रोज खरं सांगायची. त्या दिवशी फोन देवानंदनं घेतला. ते नुकतेच पुरीत पोचले होते, समुद्र अजून गाडीतूनच पाहिला होता. म्हणाला, "काकू, आम्ही वापस येतो. तिकिटाचं पाहून राहिलो मी."

मागून शालूचा आवाज आला नाही. ती नको म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती काहीच म्हणाली नाही, म्हणजे तीही सामान बांधायला निघाली होती. एवढ्या वर्षांनी ती पोर घराबाहेर पडली आणि माझ्या हातानं एक कुत्रा जेवत नाही म्हणून समुद्राला पाय न लावता परत येणार. मी म्हटलं, "उद्याचा दिवस थांबा. उद्या नाई जेवला तर या."

तेवढ्यात मोनीनं फोन ओढून घेतला. "आजी, तो भोंगा झाल्याबिगर जेवतच नाही. आमच्या इथं भोंगा होते, मग भुरा जेवते."

खाणीत पाळी सुटली की भोंगा वाजतो, हे मला माहीत होतं. मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. बरोबर आहे, ज्याला रोज भोंग्यावर जेवायची सवय, त्याला मी जेवणाला वाजवते त्या ताटाचं काय? मी म्हटलं, भोंगाच ना? भोंगा आणते.

शालूनं वसाहतीतल्या शेजाऱ्याला सांगितलं, त्यानं भोंगा वाजताना मोबाइलमध्ये भरला आणि मला पाठवला. पण मोबाइलमधून तो मच्छरासारखा ऐकू यायचा. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडया म्हणजे जत्रा भरतात, गावोगाव नाटकं होतात, आणि नाटकाची जाहिरात करत ऑटो फिरत असतो, टपावर मोठाले लाउडस्पीकर लावून. तो ऑटो नंदूचा. मी त्याला रस्त्यात अडवलं. "नंदू, माझं एक काम कर. ऊन उतरलं का माझ्या फाटकासमोर उभा राह्य आणि हे वाजव."

"हे काय आहे, मावशी?"

"कुत्र्याचं जेवण आहे."

नंदूला त्याहून विचित्र जाहिराती माहीत असाव्यात, त्यानं काही विचारलं नाही.

संध्याकाळी मी भुऱ्यासमोर भात-कालवण मांडलं आणि नंदूला हात केला. जो काय आवाज निघाला. अंगणातल्या सगळ्या कुत्र्यांनी तोंड वर करून गळा काढला. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. आमच्याकडे नदीकाठच्या लोकांना भोंगा म्हटला की एकच ठाऊक, धरणाचे दरवाजे उघडले. समोरची म्हातारी पोत्यात तांदूळ भरायला लागली. एकजण शेळ्या सोडायला पळाला. मी रस्त्यात उभी राहून ओरडत होती, "पानी नाई येऊन राहिलं बाप्पा, कुत्रा जेवून राहिला!"

आणि कुत्रा जेवतच नव्हता. भुऱ्याचा पडलेला कानसुद्धा उभा झाला. शेपूट जोरात हलली. ताटलीकडे त्यानं पाहिलंही नाही. अंगातलं सगळं बळ गोळा करून त्यानं बांबूच्या फाटकावरून उडी घेतली आणि दिसेनासा झाला.

इतक्या वर्षांत माझ्या अंगणातून एकही कुत्रा गेला नव्हता. दुसऱ्याची वस्तू हरवली तर आणून देता येते. मोनीला मी काय सांगणार होती? मी मोठ्या रस्त्याकडे पळायला निघाली, ज्या रस्त्यानं त्यांची जीप गेली होती.

"तिकडे नोको जाऊ," मागून डोकऱ्याचा आवाज आला. तो खाटेवर उठून बसला होता आणि पायानं चपला चाचपत होता. "भोंगा वाजला म्हणजे काय झालं?"

"काय झालं काय! माझ्या नशिबाचा..."

"ऐक ना वं. भोंगा वाजला म्हणजे माणसं कामावरून सुटली. तो जेवाले नाई गेला, तो त्याच्या माणसाले आणाले गेला. आता या टायमाले आपल्या गावात माणसं कामावरून कोठून येते?"

धान कापणारे उन्हं असतानाच परतले होते. या वेळेला येतात ते आमचेच लोक, तलावावरून. मी म्हटलं, "पाळीवरून." तोवर तो फाटकाबाहेर पडला होता. काठी घ्यायची तो विसरला आणि मीही आठवण केली नाही.

भुरा खरंच तिथं होता. तलावाच्या पाळीवर, वाटेच्या मधोमध. आमची माणसं जाळी खांद्यावर घेऊन एकामागून एक येत होती, ओल्या अंगानं, चिखलाच्या पायांनी. भुरा प्रत्येकापाशी जायचा, हात हुंगायचा, पाय हुंगायचा, आणि मागे होऊन पुढच्याची वाट पाहायचा. कोणी हाड म्हटलं, कोणी चुचकारलं, त्याचं कशाकडे लक्ष नव्हतं. शेवटचा माणूस गेला. भुरा रिकाम्या वाटेकडे पाहत खाली बसला. मला तिथंच रडू आलं. चिखल्याला रोज सकाळी तो देवानंद त्याला येतो म्हणून सांगायचा आणि रोज भोंग्यावर खरंच यायचा. भुऱ्यासाठी येतो म्हणजे आज संध्याकाळी. जेवणाचा आणि भोंग्याचा काही संबंध नव्हता. माणूस घरी येतो, माणूस जेवायला बसतो, मग भुरा जेवतो. त्या घरात हे तिन्ही रोज एकत्रच व्हायचं, म्हणून त्या लोकांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी डोकऱ्याला म्हटलं, "तुमी बोलवा त्याले. तुमी माणूस आहा."

"मी घरात पडून राहणारा माणूस," तो म्हणाला. "त्याले कामावरून आलेला माणूस पायजे."

हे तो रागानं म्हणाला नाही. वारा कुठून आहे हे सांगावं तसं म्हणाला. मग पाळीच्या उतारानं एकेक पाऊल टाकत खाली गेला. तीच पाळ, जिच्यावरून तो घसरला होता. मी तोंडावर हात धरून उभी होती. तो गुडघाभर पाण्यात शिरला, चिखलात पाय रोवून थोडा वेळ तसाच उभा राहिला. काठावर कोणाचं तरी ओलं जाळं वाळत टाकलेलं होतं, ते त्यानं खांद्यावर घेतलं आणि वर आला. वाटेला लागला आणि भुऱ्याकडे न पाहता घराकडे चालायला लागला, दिवसभर खपलेला माणूस चालतो तसा.

भुरा उठला. त्यानं हात हुंगला. पाय हुंगले. जाळ्याचं टोक हुंगलं. बराच वेळ लावला त्यानं. मग डोकऱ्याच्या मागे मागे चालायला लागला.

घरी डोकऱ्यानं पाय धुतले, पाटावर बसला. मी ताट वाढलं. भुरा दारात बसून पाहत होता. डोकऱ्यानं भात कालवला, पहिला घास हातात घेतला आणि खाली धरला. भुऱ्यानं तो खाल्ला. हातावर शीतसुद्धा ठेवलं नाही. मग डोकरा एक घास खायचा आणि एक त्याला द्यायचा, आणि मला दोनदा भात वाढावा लागला. तो अर्धा डोकऱ्याच्याच पोटात गेला होता, हे मी पाहत होती.

मी शालूला फोन लावला. "जेवला," म्हटलं. मग मोनी म्हणाली, "आजी, ऐका," आणि तिनं फोन समुद्राकडे धरला. भुऱ्याला मी तो आवाज ऐकवला नाही, नियम म्हणजे नियम. डोकऱ्याच्या कानाला लावला. तो पुष्कळ वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "लय मोठा तलाव आहे वाटते."

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकऱ्यानं खुंटीवरचं जाळं काढलं. झटकलं, दोन ठिकाणी फाटलं होतं ते ओवलं. म्हणाला, "नुसते पाय भिजवून त्याले फसवणं बरं नाई. समजते त्याले." आणि निघताना भुऱ्यासमोर थांबला. वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानंच म्हणाला, "येतो." मग सोबत्याच्या डोंग्यात बसून तलावात गेला. त्या दिवशी चार बोटवे आणले, बोटाएवढे मासे. बाजारात कोणी उचलले नसते. भुरा फाटकाजवळ होता. त्यानं हात हुंगला, पाय हुंगले आणि पुढे होऊन डोकऱ्याला घरात घेऊन आला.

पुढचे सगळे दिवस हेच चाललं. आठवड्याच्या शेवटी टोपलं भरून मासोळी आली आणि मी ती पवनीला जाऊन विकली. मिठावरून भांडणही झालं, चांगलं कडाक्याचं. मला फार बरं वाटलं.

मग ते लोक परत आले. शालू उन्हानं काळी झाली होती आणि तिचा चेहरा एवढा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. देवानंद जीपमधून उतरला. भर दुपार होती, अंगावर फिरायचे कपडे, भोंगा नाही, काही नाही. भुऱ्यानं क्षणभर पाहिलं आणि मग जे काही झालं ते लिहिता येत नाही. तो देवानंदच्या खांद्यावर चढला, शालूचा पदर ओढला, मोनीला खाली पाडलं. मोनीनं मला शंख दिला. डोकऱ्यासाठी बाटलीत समुद्राचं पाणी आणलं होतं. "काकाजी कोठी आहेत?" देवानंदनं विचारलं.

डोकरा नव्हता. खुंटीवरचं जाळंही नव्हतं. जीपचा आवाज ऐकून घरामागच्या सांदवाडीतून निघून गेला होता, भुऱ्याला न सांगता. सगळ्या जगाला मी नियम शिकवला आणि माझ्याच घरातला माणूस चोरासारखा पळाला.

जीप गेली. बाकीचे कुत्रे आधीच आपापल्या घरी गेले होते. मी अंगण झाडलं, भांडी धुऊन पालथी घातली. ऊन उतरायला लागलं. भात झाला होता, कालवण झालं होतं, मला घरात करायला काही उरलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो तलावावरून यायचा तेव्हा मी चुलीजवळ असायची नाहीतर बाजारात. तो आला हे मला भांड्यांच्या आवाजावरून कळायचं.

मी फाटकाजवळ जाऊन उभी राहिली.

तो हळूहळू आला, मान खाली. फाटकाजवळ भुऱ्याच्या जागेकडे त्यानं आधी पाहिलं आणि मग मी दिसली.

"काहून वं, अठी काहून उभी आहे?"

"कोणी तरी पायजे ना," मी म्हटलं.

त्यानं ओलं जाळं माझ्या हातात दिलं. पाय धुतले, पाटावर बसला. मीही माझं ताट वाढून समोर बसली. त्यानं भात कालवला, पहिला घास घेतला आणि सवयीनं हात खाली नेला. तिथं कोणी नव्हतं. हात तसाच राहिला. त्याला तो घास तोंडातही घालवेना आणि ताटातही ठेववेना.

"आणा अठी," मी म्हटलं. "वाया काहून जाऊ देता?"